भंगारातला हत्ती

न्यूयॉर्कच्या एका हिवाळ्यात एका अजस्र मोटारीच्या इंजिनातलं पाणी काढून टाकायचं राहून गेलं. थंडीनं ते गोठलं, फुगलं आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला तडा गेला. दुरुस्त कोण करणार? गाडीची रवानगी भंगारात झाली.

ती बुगाटी रॉयाल होती. आठ सिलिंडर एका ओळीत, 12.7 लिटरचं इंजिन, लांबी सहा मीटरांहून जास्त. एत्तोरे बुगाटी यांनी ती राजेरजवाड्यांसाठी योजली होती, पण मंदी आली आणि जेमतेम तीनच गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं. त्यांतले एक होते जर्मन डॉक्टर योझेफ फुक्स. त्या काळी अशा गाड्यांचे कारखाने बहुधा सांगाडा आणि इंजिन देत. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. फुक्स यांनी 1932 मध्ये म्युनिकच्या लुडविग वाइनबर्गर यांच्याकडून उघडझाप होणाऱ्या छताची बॉडी बांधून घेतली. काळा रंग, त्याला पिवळ्याची जोड. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. एत्तोरे यांचे दिवंगत शिल्पकार भाऊ रेम्ब्रांट यांची ती कलाकृती.

हिटलर सत्तेवर आला आणि फुक्स यांनी जर्मनी सोडली. शांघायमार्गे ते न्यूयॉर्कला पोहोचले, गाडीही त्यांच्यासोबत. देश सुटलेल्या माणसानं एवढं धूड जगभर सोबत वागवावं, यातच त्याचा जीव तिच्यात किती होता ते कळतं. आणि अखेर तिला गाठलं ते गोठलेल्या पाण्यानं!

चार्ल्स चेन हे जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाचे मुख्य अभियंता. न्यूयॉर्कमध्ये ही गाडी पूर्वी त्यांच्या नजरेत भरली होती. चाळीसच्या दशकात ती त्यांना पुन्हा सापडली, ती भंगारवाल्याच्या आवारात. युद्धामुळे अमेरिकाभर जुनं लोखंड गोळा होत होतं, आणि इथं तर तीन टनांहून अधिक वजनाचा माल उभा होता. तो वितळवला गेला नाही, हे आपलं नशीब. चेन यांनी सुमारे 400 डॉलर मोजून गाडी सोडवली.

खरी परीक्षा पुढेच होती. बुगाटीच्या या इंजिनात ब्लॉक आणि सिलिंडरचं डोकं एकाच ओतकामातलं. डोकं वेगळं काढायची सोयच नाही. त्यात तडा म्हणजे दुखणं थेट काळजाशी. तरीही चेन यांनी ते इंजिन पुन्हा चालतं केलं. मूळच्या एका कार्बोरेटरऐवजी चार बसवले, काळ्या-पिवळ्याच्या जागी शुभ्र शिंपल्याचा रंग आणि गडद हिरवी किनार दिली. 1947 पर्यंत गाडी रस्त्यावर आली.

मूळ रूप बदललं म्हणून काही जाणकार हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. चेन यांना ती गाडी चालवायची होती, आणि गाडीचा मान ती चालण्यातच आहे. शिवाय ज्यानं तिला भट्टीच्या तोंडातून ओढून काढलं, त्याचा हात तिच्यावर दिसला तर बिघडलं कुठं?

पुढं चेन दांपत्यानं ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. जगात आज सहा मूळ रॉयाल उरल्या आहेत. त्यांतली ही एक, चेन यांनी दिलेल्या पांढऱ्या-हिरव्या रंगातच तिथं उभी आहे.