चेंडू, फासा आणि शाबासकी

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) जुन्या शहरातली गुलमंडी म्हणजे बाजाराचा गजबजाट. इथे गोल्फचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण एखाद्या बोळात जमिनीत खळगा करून त्यात गोटी घालणारी मुले आपण पाहिली असतील. गोल्फही मुळात तसाच खेळ आहे. चेंडू छोटा, खळगा दूर, आणि कमीत कमी फटक्यांत तो चेंडू खळग्यात घालायचा. असे १८ खळगे पार केले की एक फेरी पुरी होते. हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे पुण्याचा उदयन माने हा गोल्फ खेळला.

ते झाले व्यावसायिक खेळाडू. आपण एक हौशी खेळाडू घेऊ. समजा, गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराला पन्नाशीत गोल्फची गोडी लागली. सुटीच्या दिवशी ते मैदानावर जातात आणि संध्याकाळी चहा घेताना आपल्याला सांगतात, "एखादा फटका सुरेख बसला आणि सोबत्याने पाठ थोपटली, की पुढचा हमखास फसतो. उलट वाईट फटका बसल्यावर स्वतःला चांगले खडसावले, की पुढचा सुधारतो. शाबासकीने माणूस ढिला पडतो, हेच खरे!"

हे आपल्या ओळखीचे वाटते ना? शिक्षकांच्या खोलीतही असेच बोलले जाते. पहिल्या चाचणीत उत्तम गुण मिळालेल्या मुलाचे कौतुक केले, तो दुसऱ्या चाचणीत घसरला. कमी गुणांच्या मुलाला रागावलो, तो वर आला. अनुभव खोटा नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, ते तपासून पाहू.

एकाच हाताचे फटके वेगळे का?

गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा आणि जेमतेम ४.३ सेंटिमीटर व्यासाचा. खळग्याचा व्यास १०.८ सेंटिमीटर. आता १५० मीटरवरच्या खळग्याकडे नेम धरला आणि चेंडूची दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर तो किती दूर पडेल? त्रिकोणमितीने उत्तर काढा : १५० × टॅन १° = सुमारे २.६ मीटर. मनगट किंचित वळले, वाऱ्याची झुळूक आली किंवा चेंडू गवताच्या पुंजक्यावर पडला, तरी एवढा फरक सहज पडतो. म्हणजे प्रत्येक फटक्यात दोन भाग असतात : खेळाडूचे कौशल्य, जे एका दिवसात फारसे बदलत नाही, आणि योगायोग, जो प्रत्येक फटक्याला बदलतो.

फाशाची फेरी

हा योगायोग काय करतो ते वर्गात पाहता येईल. एक फासा घ्या. १ किंवा २ पडले तर त्या खळग्याला ४ फटके लागले असे समजा. ३ किंवा ४ पडले तर ५ फटके. ५ किंवा ६ पडले तर ६ फटके. असा फासा १८ वेळा टाकून बेरीज करा. ही झाली एक फेरी. सरासरी ९० येईल. सुमारे दोन-तृतीयांश फेऱ्या ८७ ते ९३ च्या दरम्यान असतील, पण वीसांत एखादी फेरी ८४ किंवा त्याहूनही कमी फटक्यांत संपेल.

समजा, एका मुलीची फेरी ८४ फटक्यांत संपली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिची पुढची फेरी कशी जाईल? ती ८४ पेक्षा वाईट असण्याची शक्यता शंभरात सुमारे ९४ आहे. तसेच एका खळग्याला ६ फटके लागले, तर पुढच्या खळग्याला त्याहून कमी लागण्याची शक्यता दोन-तृतीयांश. फाशाला ना शाबासकी ऐकू येते, ना रागावणे. तरीही उत्तम फेरीनंतर घसरण आणि वाईट फेरीनंतर सुधारणा दिसतेच!

एक खबरदारी घ्यायला हवी. फासा मागचा हिशोब चुकता करत नसतो. ८४ नंतर ९६ येतील असे नव्हे. पुढची अपेक्षा पुन्हा ९० चीच. उत्तम फेरीत नशिबाची मोठी साथ होती, ती पुढच्या वेळीही तेवढीच मिळेल याची खात्री नाही, एवढेच. याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात.

गाल्टन आणि कानमन

ही गोष्ट प्रथम फ्रान्सिस गाल्टनने दाखवली. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच होती, पण सरासरीपासून त्यांचे अंतर आईवडिलांच्या अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांशच होते.

पुढे १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवत होते. एका प्रशिक्षकाने आपल्या दुकानदारांसारखाच अनुभव सांगितला. कानमन यांनी प्रत्येकाला पाठीमागच्या लक्ष्याकडे न पाहता दोनदा नाणे टाकायला लावले. पहिल्यांदा ज्यांचा नेम उत्तम होता, त्यांतले बहुतेक दुसऱ्यांदा घसरले. ज्यांचा वाईट होता, ते सुधारले. कोणी कोणाला रागावले नव्हते. कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग वर्गात काय करावे?

गोल्फचे नियम करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हौशी खेळाडूची पातळी एका फेरीवरून ठरत नाही. अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी घेतात. आपणही एका चाचणीवरून मुलाला 'हुशार' किंवा 'ढ' ठरवू नये.

याचा अर्थ सर्व काही नशीब, असा नव्हे. सरावाने सरासरीच सुधारते, आणि शिकवणे म्हणजे हीच सरासरी उंचावणे. रागावण्याचा उपयोग होतो की नाही, हे मात्र 'आधी आणि नंतर' पाहून कळत नाही. तसाच कमी गुणांचा, पण न रागावलेला दुसरा गटही सोबत पाहावा लागतो.

शिक्षकांना हे समजणे अधिकच गरजेचे आहे. आपण रागावतो तेव्हा मूल बहुधा सर्वांत खाली असते. त्यानंतर ते वर येते आणि श्रेय छडीला मिळते. कौतुक करतो तेव्हा ते शिखरावर असते. मग घसरते आणि दोष कौतुकाला जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली. पण छडी हातातून सुटली, तरी तिच्यावरचा विश्वास या हिशोबाशिवाय सुटणार नाही.

आणि आपले दुकानदार? त्यांना हे समजावणे सोपे आहे. आज गल्ला दुप्पट जमला म्हणून ते उद्या दुप्पट माल भरत नाहीत, की एक दिवस मंदा गेला म्हणून नोकराला काढत नाहीत. वर्षाची वही उघडून पाहतात. तीच वही त्यांनी मैदानावर न्यावी, आणि आपण वर्गात.

करून पाहा : जमिनीवर खडूने एक खूण करा. प्रत्येकाने तिच्याकडे पाठ करून खडूचे दोन तुकडे एकामागून एक टाकावेत आणि खुणेपासूनचे अंतर मोजावे. पहिल्या पाच जणांचे व शेवटच्या पाच जणांचे दुसऱ्या खेपेला काय झाले, ते फळ्यावर मांडा.