वाहन मोडीत केव्हा काढावे?

जुन्या वाहनाविषयी ममत्व वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते ठेवावे की मोडीत काढावे, याचा निर्णय ममत्वावर सोपविता येत नाही.

शासन, महानगरपालिका व पंचायती यांच्या वाहनांपुरता हा प्रश्न नियमानेच सोडविला आहे. १ एप्रिल २०२३ पासून अशा वाहनांची नोंदणी १५ वर्षे पूर्ण होताच संपुष्टात येते. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरली जाणारी विशेष वाहने तेवढी अपवाद आहेत.

खासगी मोटारीची नोंदणीही प्रथम १५ वर्षांचीच असते. मात्र तपासणीत योग्य ठरल्यास तिचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून येथे मालकाने स्वतः विचार करावयाचा असतो.

पहिली कसोटी सुरक्षिततेची. इंजिन दुरुस्त होते, ब्रेकचे भाग बदलता येतात. पण सांगाडाच गंजून पोखरला असेल तर डागडुजी व्यर्थ होय. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा गंज लवकर चढतो. दुसरी कसोटी खर्चाची. दुरुस्तीची प्रत्येक रक्कम नोंदवहीत लिहावी. वर्षाची बेरीज वाहनाच्या विक्रीमूल्याच्या जवळ जाऊ लागली, की वेळ आली असे समजावे.

मोडीत काढावयाचे वाहन नोंदणीकृत केंद्रातच द्यावे, ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करवून घ्यावी. अन्यथा वाहन गेले तरी कागदोपत्री जबाबदारी मालकाच्या माथी राहते.