परवलीचा शब्द आणि अक्षराची ओळख

परवलीच्या शब्दाची कल्पना मूळची लष्करी छावणीतली. येणाऱ्याने शब्द उच्चारावा आणि त्यावरून तो आपला की परका हे पहारेकऱ्याने ठरवावे. पहारेकरीच तोतया निघाला तर काय, हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नसे. संगणकाच्या जाळ्यात मात्र तोच मुख्य होऊन बसला आहे. ब्राउझरला जोडावयाचे पासवर्ड मॅनेजरचे एक्स्टेन्शन बहुतेकजण स्मरणशक्तीला टेकू म्हणून वापरतात. त्याचा याहून मोठा उपयोग लिपीच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावा.

लॅटिन ‘ए’ आणि सिरिलिक ‘आ’ ही दोन लघु अक्षरे आकृतीने एकरूप आहेत. युनिकोडमध्ये मात्र पहिल्याचा क्रमांक ९७, तर दुसऱ्याचा १०७२. या साम्याचा आधार घेऊन प्रसिद्ध संकेतस्थळाचे जुळे नाव नोंदविता येते, हे गॅब्रिलोविच व गोंटमाखर यांनी २००२ साली दाखवून दिले. पुढे २०१७ मध्ये शूडाँग झेंग यांनी ‘ॲपल’चे नाव निव्वळ सिरिलिक अक्षरांत नोंदविले, आणि क्रोमच्या तत्कालीन आवृत्तीत ते खऱ्यासारखेच दिसले. (ब्राउझरांनी त्यानंतर नियम कडक केले, पण एखादे अक्षर फिरवून केलेली साधी फसवणूक चालूच आहे.)

एक्स्टेन्शन आकृतीकडे पाहतच नाही. परवलीचे शब्द ते कूटरूपात साठविते, एका मुख्य शब्दाने ती पेटी उघडते, आणि उघडलेल्या पानाच्या नावाचे संकेत नोंदीशी ताडून पाहते. बिटवॉर्डनमध्ये जुळणाऱ्या नोंदींची संख्या चिन्हावर उमटते. संख्या उमटली नाही, तर ते मौन अर्थपूर्ण समजावे.

प्रस्तुत लेखकाने एकदा ते मौन यंत्राचा बिघाड समजून परवलीचा शब्द स्वहस्ते उतरविण्यास आरंभ केला होता. निम्मा शब्द झाल्यावर पत्त्यात एक अक्षर अधिक असल्याचे ध्यानात आले! साधन निर्दोष असूनही व्यर्थ ठरते ते अशा उतावळेपणाने.

अर्थात प्रत्येक मौनामागे कपट असतेच असे नव्हे. संस्था प्रवेशाचे पान दुसऱ्या पत्त्यावर हलवितात, ग्रंथालयाच्या मध्यस्थ पत्त्यामुळे नियतकालिकाचे नावही पालटते. अशा वेळी पत्रातील दुवा न वापरता संस्थेच्या मुख्य पानावरून तेथवर जावे, आणि खातरजमा झाल्यावरच नवा पत्ता नोंदीत घालावा.