राजूरची अंगारकी आणि पंचांगाचे गणित : विज्ञान व श्रद्धा यांच्या परस्परपूरकतेचा एक विचार

प्रस्तावना

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या संबंधाविषयी दोन टोकाची मते नेहमी मांडली जातात. एका मतानुसार विज्ञानाची प्रगती होईल तसतशी श्रद्धा लोप पावेल. दुसऱ्या मतानुसार प्रत्येक धार्मिक आचारामागे पूर्वजांनी दडविलेले एखादे वैज्ञानिक रहस्य असतेच. या दोन्ही मतांत विज्ञान व श्रद्धा यांची कार्यक्षेत्रे स्पष्ट केली जात नाहीत. ती स्पष्ट केल्यास दोहोंचे नाते पूरक असू शकते काय, या प्रश्नाचा विचार राजूर येथील अंगारकी चतुर्थीच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

राजूर आणि अंगारकी

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात वसलेले राजूर हे राजुरेश्वर गणपतीचे क्षेत्र होय. गणेशभक्तांच्या परंपरेत मोरगाव, राजूर व पद्मालय ही तीन पूर्ण पीठे आणि चिंचवड हे अर्धे पीठ मानले जाते. गणेशपुराणातील वरेण्य राजाला गणेशगीतेचा उपदेश येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. कृष्ण पक्षातील चतुर्थी मंगळवारी आली म्हणजे ती अंगारकी होते. त्या दिवशी राजूर येथे भाविकांची मोठी गर्दी होते. जालना व परिसरातून अनेक जण पायी येतात. दिवसभर उपवास करावयाचा आणि चंद्रदर्शनानंतर तो सोडावयाचा, असे या व्रताचे स्वरूप आहे.

या व्रतात दोन प्रकारचे प्रश्न आहेत. उपवास का करावा, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. चतुर्थी कधी आणि चंद्र किती वाजता उगवेल, हा गणिताचा प्रश्न आहे.

तिथीचे गणित

चंद्र व सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. हे अंतर २१६ ते २२८ अंशांच्या दरम्यान असते तेव्हा कृष्ण चतुर्थी असते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याची गती सतत बदलते. परिणामी तिथी कधी सुमारे २० तासांची तर कधी जवळजवळ २७ तासांची होते. संकष्टीसाठी चंद्रोदयाच्या वेळी असलेली चतुर्थी ग्राह्य धरतात. हा चंद्रोदय कधी रात्री आठच्या सुमारास तर कधी दहानंतर होतो.

एका चांद्रमासाची सरासरी लांबी २९.५३ दिवस असल्याने वर्षात १२.३७ कृष्ण चतुर्थ्या येतात. त्यांपैकी सातवा हिस्सा मंगळवारी येतो असे धरल्यास अंगारकीचे प्रमाण वर्षाला सुमारे पावणेदोन, म्हणजे चार वर्षांत साधारण सात, इतके निघते. स्थानभेदही महत्त्वाचा आहे. राजूर मुंबईच्या पूर्वेस रेखांशाने सुमारे तीन अंश आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने राजूरला चंद्र मुंबईपेक्षा सुमारे १२ मिनिटे आधी उगवतो. मुंबईची वेळ पाहून राजूरला उपवास सोडणारा भाविक तितका वेळ अधिक उपाशी राहतो.

महाराष्ट्रातील पंचांगशोधन

हे गणित परंपरेने आयते दिले नाही. त्यासाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या सिद्धांतग्रंथांतील जे मान प्रत्यक्ष वेधाशी जुळले ते त्यांनी स्वीकारले. पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील पंचांगे याच ग्रंथावरून होत राहिली. परंतु आकाशाशी पुन्हा ताळा घेण्याची मूळ वृत्ती मात्र मागे पडली. साहजिकच गणित व आकाश यांत अंतर वाढत गेले.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ज्योतिषाच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली आणि त्यांवरून सूक्ष्म पंचांग सुरू झाले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथाने या शाखेचा इतिहास मांडला. वेंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या गणिताचे ग्रंथ रचले, तर छत्रे यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला.

विरोध अर्थातच झाला. तिथी ६५ घटिकांहून मोठी वा ५४ घटिकांहून लहान असू नये, असा जुना संकेत होता. सूक्ष्म गणितात मात्र ती सुमारे ५० ते ६७ घटिकांपर्यंत जाते. परंपरानिष्ठांना धर्मशास्त्रातील व्यवस्था कोलमडेल अशी चिंता वाटली. सुधारकांचे म्हणणे असे की, व्रत ज्या तिथीला सांगितले ती तिथी आकाशातीलच असली पाहिजे. चुकीच्या गणितावरील व्रताने शास्त्राज्ञेचाच भंग होतो. येथे विज्ञानाचा आग्रह श्रद्धेच्या विरोधात नव्हता; तो श्रद्धेच्याच वतीने धरला गेला.

विज्ञानाची मर्यादा

या वादाचा दुसरा भागही बोधप्रद आहे. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवती नक्षत्रातील ताऱ्यावरून धरावा की चित्रा ताऱ्यावरून, याविषयी सुधारकांतच मतभेद झाले. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे रेवती पक्षाच्या टिळक पंचांगात काही वर्षी अधिक मास निराळा येतो आणि सणही महिन्याच्या अंतराने येतात. हा वाद दुर्बिणीने मिटत नाही, कारण आरंभबिंदू हा संकेत आहे. तिथी मात्र चंद्र व सूर्य यांच्यातील अंतरावर अवलंबून असल्याने तिच्यावर या मतभेदाचा परिणाम होत नाही. तिथी केव्हा संपेल हे वेधाने ठरते, कोणता संकेत पाळावा हे समाजाने ठरवावयाचे असते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. साहा हे ख्यातनाम भौतिकशास्त्रज्ञ आणि कडवे बुद्धिवादी. समितीत केशव लक्ष्मण दप्तरी व ज. स. करंदीकर हे महाराष्ट्रातील अभ्यासकही होते. १९५५ च्या अहवालानुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. धार्मिक सणांसाठी तिथी कायम ठेवून त्या आधुनिक गणिताने काढण्याची व्यवस्था करण्यात आली. बुद्धिवादी अध्यक्षाच्या समितीने सणांचे गणित शुद्ध केले. सण पाळावेत की नाही, हे तिने सांगितले नाही.

पूरकतेच्या अटी

या उदाहरणावरून पूरकतेच्या दोन अटी दिसतात. पहिली अट श्रद्धेसाठी आहे : वस्तुस्थितीविषयीच्या विधानांत तिने निरीक्षणाचा निर्णय मानावा. उपवासाने आरोग्य लाभते, दूर्वांनी रोग बरे होतात, अशी विधाने केली की ती परीक्षेच्या कक्षेत येतात. तेथे भक्ती हा पुरावा होत नाही. अंगारक म्हणजे मंगळ. परंतु त्या दिवशी मंगळ ग्रहाची कोणतीही विशेष स्थिती असावी लागत नाही. ते केवळ वाराचे नाव आहे. हे सांगितल्याने भाविकाचे काहीही हिरावले जात नाही. उलट श्रद्धेला विज्ञानाचा उसना मुलामा देण्याने दोहोंचीही हानी होते.

दुसरी अट विज्ञानाच्या अभ्यासकासाठी आहे : पद्धतीच्या पलीकडील प्रश्नांवर त्याने विज्ञानाच्या नावे निकाल देऊ नये. पायी राजूर गाठणाऱ्या व्यक्तीला त्या वाटचालीत जो अर्थ जाणवतो, तो चंद्राच्या अंतराच्या आकड्याने सिद्ध वा असिद्ध होत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यानंतरही संकष्टीला चंद्राला अर्घ्य दिले जाते. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

समारोप

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, तर १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क ने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांवर या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी येते, कारण त्यांच्या वर्गातील अनेक विद्यार्थी अंगारकीचा उपवास करून भौतिकशास्त्राच्या तासाला बसतात. अशा विद्यार्थ्याची थट्टा केल्यास तो विज्ञानापासून दुरावतो. त्याच्या व्रतामागे खोटे विज्ञान उभे केल्यास तो विज्ञानाची कसोटीच विसरतो. त्याऐवजी राजूरच्या चंद्रोदयाची वेळ स्वतः काढून ती आकाशाशी ताडून पाहण्यास त्याला सांगावे. गणित चुकले तर दुरुस्त करण्याची सवय आणि उपवास करण्याचा वा न करण्याचा त्याचा निर्णय, या दोन्ही गोष्टी त्यात सुरक्षित राहतात.