ट्रॅफिक, ट्रेक आणि रेंज नसलेला रस्ता : मॅपचं कोणतं अ‍ॅप कधी वापरायचं?

"सगळ्यात चांगलं मॅप अ‍ॅप कोणतं?" वाघोलीतले शेजारी आणि ट्रेकला जाणारे मित्र हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : कशासाठी हवंय ते आधी सांगा. नगर रोडचं ट्रॅफिक टाळायचं असेल तर एक अ‍ॅप, सह्याद्रीत डोंगर चढायचा असेल तर दुसरं. कारण प्रत्येक अ‍ॅपला माहिती वेगळ्या ठिकाणाहून मिळते. ती कुठून येते हे एकदा कळलं, की कोणत्या अ‍ॅपवर कधी विसंबायचं हे ठरवणं सोपं जातं.

समजायला सोपं जावं म्हणून आपण एकच प्रवास घेऊ : वाघोली ते कळसूबाई. १,६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. पायथ्याचं गाव बारी, तालुका अकोले. वाघोलीहून नगर रोडने शिक्रापूर, तिथून चाकणला जाऊन पुणे-नाशिक महामार्ग, मग संगमनेर, अकोले, राजूर आणि बारी. या एका प्रवासात तिन्ही गोष्टी येतात. सुरुवातीला ट्रॅफिक, पुढे डोंगराळ भागात कधीही जाणारी रेंज आणि शेवटी पायवाट.

पहिला टप्पा : नगर रोडचं ट्रॅफिक

गूगल मॅप्सवर रस्ता लाल होतो तो कसा? तिथे कोणी कॅमेरा लावून बसलेलं नसतं. त्या रस्त्यावरच्या ज्या फोनमध्ये लोकेशन चालू असतं, त्यांच्या वेगाची माहिती, कोणाचा फोन आहे ते बाजूला ठेवून, एकत्र केली जाते. केसनंद फाट्याजवळ शंभर फोन मुंगीच्या पावलाने सरकत असतील, तर तो तुकडा लाल. याला जोड मिळते जुन्या नोंदींची : या वाराला, या वेळी इथे एरवी काय होतं.

म्हणजे ट्रॅफिकसाठी नियम सोपा आहे. ज्या अ‍ॅपला जास्त फोनकडून माहिती मिळते, त्याचा अंदाज जास्त बरोबर येतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आणि त्यात आधीपासून असलेलं गूगल मॅप्स, त्यामुळे या कामात ते पुढे आहे. पण हाच नियम उलटा करून बघा. वाघोली-लोहगाव, आव्हाळवाडी-मांजरी किंवा केसनंद-थेऊर अशा आतल्या रस्त्यांवर फोन कमी, म्हणून माहितीही पातळ. तिथे रस्त्याला रंग नसेल तर "मोकळा आहे" असं लगेच धरू नका. त्याचा अर्थ "माहिती नाही" असाही असू शकतो. दोन गाड्या जेमतेम बसतील अशा रस्त्यावर समोरून डंपर आला, की वाचवलेली दहा मिनिटं तिथेच जातात.

दोन सेटिंग लोक फारसे वापरत नाहीत, ते जरूर वापरा :

- दुचाकीचं चिन्ह. गूगलने भारतात ही सोय डिसेंबर २०१७ मध्ये आणली. दुचाकी गर्दीतून वाट काढते, म्हणून तिची वेळ वेगळी मोजली जाते. दुचाकीवर असताना कारच्या चिन्हाखालची वेळ बघण्यात अर्थ नाही.
- निघण्याची वेळ. रस्ता शोधल्यावर मेनूमध्ये निघायची किंवा पोहोचायची वेळ टाकता येते. शनिवारी पहाटे चारला निघायचं की सहाला, हे शुक्रवारी रात्रीच ठरवता येतं.

पर्याय म्हणून मॅपल्स बघण्यासारखं आहे. मॅपमायइंडिया ही भारतीय कंपनी १९९५ पासून नकाशाच्या क्षेत्रात आहे आणि हे तिचं अ‍ॅप. पुढे येणारा स्पीडब्रेकर, खड्डा, अवघड चौकात कोणती लेन धरायची, अशा गोष्टी ते सांगतं. वेझ हे आणखी एक अ‍ॅप. २०१३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. अपघात, बंद रस्ता अशी खबर लोक स्वतः देतात त्यावर ते चालतं, त्यामुळे आपल्या भागात ते किती जण वापरतात यावर सगळं अवलंबून आहे.

एक गोष्ट मात्र ट्रॅफिकच्या नकाशाला उशिरा कळू शकते, ती म्हणजे आधीपासून ठरवलेला बदल. दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो लोक येतात. तेव्हा पोलीस नगर रोडची वाहतूक खराडी बायपास, हडपसर, सोलापूर रोड अशी वळवतात. फोनच्या वेगावरून हे समजेपर्यंत तुम्ही वाघोलीच्या पुढे जाऊन अडकलेले असता. पोलिसांचं पत्रक मात्र आदल्या दिवशीच आलेलं असतं. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. काम सुरू झालं की कुठे लेन बंद, कुठे वळण बदललेलं, हे या रस्त्यावर रोजचंच होईल. ते आधी बातमीत वाचायचं आणि मग नकाशात बघायचं.

दुसरा टप्पा : रेंज गेली तर

इथे एक मोठा गैरसमज आहे. "नेट नाही म्हणजे जीपीएस नाही" असं अनेकांना वाटतं. जीपीएसला नेट लागत नाही. उपग्रह सतत सिग्नल पाठवत असतात, आपला फोन ते फक्त ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र, पत्ता शोधणं आणि ट्रॅफिक यासाठी. म्हणून रेंज गेली तरी निळा ठिपका बरोबर जागी असतो, फक्त त्याच्याखालचा नकाशा कोरा होतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला की हा प्रश्न सुटला.

गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, ऑफलाइन नकाशांचा पर्याय निवडा, चौकटीत हवा तो भाग घ्या आणि डाउनलोड करा. आपल्या प्रवासासाठी पुण्यापासून राजूर-बारीपर्यंतचा पट्टा चौकटीत आला पाहिजे. पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. गूगलच्या मदत पानानुसार ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, पण ट्रॅफिक, पर्यायी रस्ते, बसची माहिती आणि चालण्याचा रस्ता मिळत नाही. शिवाय या नकाशाला मुदत असते. ती संपण्याआधी तो अपडेट व्हावा लागतो. आयफोनवाल्यांना अ‍ॅपलच्या नकाशातही २०२३ पासून, म्हणजे आयओएस १७ पासून, ऑफलाइनची सोय आहे.

ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप मुळातच ऑफलाइन वापरासाठी बनवलेलं आहे. महाराष्ट्र एकदा उतरवला की शोधणं, गाडीचा रस्ता, चालण्याचा रस्ता, सगळं नेटशिवाय चालतं. जाहिरात नाही, खातं उघडायचं नाही, पैसे नाहीत. यात ट्रॅफिक नाही. नगर रोडवर हे अ‍ॅप तुम्हाला सरळ गर्दीत घालेल, कारण गर्दी आहे हे त्याला माहीतच नाही.

एक छोटी युक्ती : घरून निघतानाच नेट चालू ठेवून लोकेशन लावा. उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. डोंगरात गेल्यावर नेटशिवाय पहिल्यांदा सुरू केलं तर ठिपका दिसायला वेळ लागतो.

तिसरा टप्पा : पायवाट

ट्रेकसाठी गूगल मॅप्स कमी पडतं, यात आश्चर्य काही नाही. त्याची ताकद रस्त्यांवर फिरणाऱ्या लाखो फोनमध्ये आहे आणि डोंगराच्या धारेवर लाखो फोन जात नाहीत. तिथे उपयोगी पडतो ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला मुक्त नकाशा. विकिपीडियासारखा कोणीही त्यात भर घालू शकतो. पाण्याचं टाकं, खिंड, गुरांची वाट, हे कोणीतरी स्वतः चालून तिथे टाकलेलं असतं. ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन्ही अ‍ॅप याच माहितीवर चालतात.

ऑरगॅनिक मॅप्स सोपं आहे. थरांच्या बटणातून उंचीच्या रेषा चालू करता येतात आणि चालण्याच्या रस्त्याचा चढ-उतारही दिसतो. ओस्मअँडमध्ये सोयी खूप, पण शिकायला वेळ लागतो आणि काही गोष्टींना पैसे पडतात. एक-दोन दिवसांच्या ट्रेकला ऑरगॅनिक मॅप्स पुरतं. वारंवार आडवाटेला जाणाऱ्याने ओस्मअँड शिकून घ्यावं.

उंचीच्या रेषा वाचायला दोन मिनिटांत शिकता येतं. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीवर असतात. रेषा लांब-लांब असतील तर सौम्य चढ, जवळजवळ असतील तर खडा, आणि एकमेकींना चिकटल्या असतील तर समजा कडा आहे.

हे का गरजेचं, ते हरिश्चंद्रगडावरून कळेल. पाचनईहून गडावर जाणारी वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीची लांबची, आणि बेलपाड्याकडून नळीची वाट इतकी खडी की अनुभवी लोकही दोर घेऊन जातात. नकाशावर तिन्ही तशाच तुटक रेषा. अ‍ॅपला अंतर कळतं, अवघडपणा बहुतेक वेळा कळत नाही. कळसूबाईची बारीकडची वाट मळलेली आहे, कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, तिथे नकाशाचं फार काम पडत नाही. तरीही पावसाळी धुक्यात दहा फुटांवरचं दिसेनासं होतं, तेव्हा दोन गोष्टी आधीच केलेल्या असाव्यात. निघालो त्या जागेवर खूण करायची आणि ट्रॅक नोंदवणं सुरू ठेवायचं. मग परत येताना आपल्याच पावलांवरून उतरता येतं. मात्र कड्याला चिकटून किंवा दाट झाडीत सिग्नल आपटून येतो आणि ठिपका काही मीटर सरकू शकतो. कड्याच्या कडेला पाऊल टाकताना डोळ्यांवर विसंबा, ठिपक्यावर नको.

दुसऱ्याने नोंदवलेला ट्रॅक वापरायचा असेल तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते बघा. मार्चमध्ये कोरडा असलेला ओढा जुलैमध्ये ओलांडता येईलच असं नाही.

नकाशाला जे माहीत नसतं

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार ते फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने जात होते, आणि त्या रस्त्यावरचा पूल धरणात पाणी असलं की पाण्याखाली जातो. हे गावातल्या लोकांना ठाऊक होतं.

आपण घेतलेला प्रवास हाच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नकाशावर रस्ता म्हणजे एक रेषा. ती वर्षभर तशीच दिसते. तिच्यावर आज पाणी आहे का, दरड आली आहे का, हे त्या रेषेत लिहिलेलं नसतं. ट्रॅफिकवरूनही ते कळत नाही, कारण अशा रस्त्यावर रात्री फोनच नसतात. पूर्ण रिकामा दिसणारा रस्ता बंद असल्यामुळेही रिकामा असू शकतो.

म्हणून अनोळखी भागासाठी माझे तीन नियम आहेत. रात्री पंधरा-वीस मिनिटं वाचवणारा आतला रस्ता घ्यायचा नाही, राज्य मार्ग धरायचा. धरण, नदी किंवा घाट असेल तर शेवटच्या मोठ्या गावात चहाच्या टपरीवर नाहीतर पेट्रोल पंपावर विचारायचं, "पुढचा रस्ता चालू आहे का?" आणि समोर पाणी दिसलं की अ‍ॅप काहीही सांगो, गाडी थांबवायची.

मग फोनमध्ये काय ठेवायचं?

माझ्या फोनमध्ये दोनच अ‍ॅप आहेत. गाडी चालवताना गूगल मॅप्स, ऑफलाइन पट्टा उतरवलेलं. डोंगरात आणि रेंज गेल्यावर ऑरगॅनिक मॅप्स, महाराष्ट्र उतरवलेलं. रोज नगर रोडवर कार चालवत असाल तर मॅपल्स तिसरं ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री हे करा :

- घरच्या वायफायवर दोन्ही ऑफलाइन नकाशे अपडेट करा.
- फोन फ्लाइट मोडवर टाका आणि बारी शोधून रस्ता काढून बघा. रस्ता मिळाला तर तयारी झाली. नाही मिळाला तर नेट हाताशी असतानाच कळलं.
- पायथा, मुक्काम आणि जवळचं मोठं गाव यांवर खुणा करून ठेवा.
- पॉवर बँक भरून घ्या. रेंज नसलेल्या डोंगरात फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. तिथे फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालू राहतं.
- आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपमध्ये कुठे दिसतात ते सोबतच्या प्रत्येकाला दाखवा. अडचणीत ११२ ला फोन लागला किंवा एक एसएमएस गेला, तर "डोंगरावर कुठेतरी" यापेक्षा हे दोन आकडे शोधणाऱ्यांच्या खूप कामाला येतात.
- जाण्याचा रस्ता आणि परतायची वेळ घरी कागदावर लिहून ठेवा. तुमचा फोन बंद पडला तरी घरच्यांना तुम्हाला कुठे शोधायचं ते माहीत असेल.