थंडीतली शाळा आणि आपली निम्मी जागा

भात झोडून झालं, आंब्याला मोहोर धरतोय. रत्नागिरीतल्या वाडीवस्तीच्या जिल्हा परिषद शाळांत हेच दिवस गडबडीचे. क्रीडास्पर्धा होतात. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, म्हणजेच बालिका दिन. बाल आनंद मेळाव्यात मुलं घावणे, कोकम सरबत विकतात आणि सुट्ट्या पैशांचा हिशोब शिकतात. मग स्नेहसंमेलन.

आपण टाळ्या वाजवून घरी येतो. पण शाळेत आपली आणखी एक जागा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते, खर्चावर लक्षही ठेवते.

आत्ताच का सांगतेय? सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं. कौलं गळतात, मुलींच्या संडासात पाणी नाही, हे आत्ताच बोललं तर पुढच्या आराखड्यात घालता येतं.

दुसरं, माणसं मुंबईला गेली की पट घटतो आणि शाळा बंद करण्याची गोष्ट निघते. महाराष्ट्राच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पावसात वहाळ ओलांडून पोर कसं जाईल, हे बैठकीत आईनेच सांगायला हवं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वही-पेन्सिल द्या. तिथेच ठरवा, पुढच्या बैठकीला कोण कोण जाणार. आणि सही करण्याआधी ठराव वाचून घ्या.