म्हातारपण नको, की परावलंबन नको?

‘म्हातारपण नको गं बाई!’ हे वाक्य आपण प्रत्येकीने सासूच्या, आईच्या नाहीतर शेजारच्या आजींच्या तोंडून ऐकलेलं असतं. पन्नाशी जवळ आली, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, की आपणही ते म्हणू लागतो. पण मैत्रिणींनो, जगातले काही शास्त्रज्ञ हे वाक्य अगदी मनावर घेऊन कामाला लागलेत, हे ठाऊक आहे का? म्हातारपण म्हणजे शरीराची हळूहळू होणारी झीज, आणि झीज म्हटली की ती थांबवता किंवा दुरुस्त करता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी कला शाखेची. विज्ञानाशी संबंध शाळेनंतर सुटलेला. तरी वाचून जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते. १९९३ साली सिंथिया केनियन या शास्त्रज्ञ बाईंनी एका सूक्ष्म अळीवर प्रयोग केला. ही अळी जेमतेम दोन-तीन आठवडे जगते. तिच्या एकाच जनुकात बदल असला, तर ती दुप्पट जगते आणि तीही तरतरीत, असं त्यांना आढळलं. २००९ चं नोबेल पारितोषिक एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं, ते पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांवरच्या कामासाठी. पदराचे धागे उसवू नयेत म्हणून आपण गोंडे बांधतो ना, तशी ही टोकं. पेशी दुभंगत जाते तशी ती झिजतात. मग ती वाढवली की झालं, असं वाटेल. पण कर्करोगाच्या पेशी नेमकी हीच युक्ती वापरून वाढत राहतात. म्हणजे वाट सोपी नाही.

त्याच २००९ साली आणखी एक बातमी आली. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं रॅपामायसिन नावाचं औषध उंदरांना दिलं गेलं. उंदीरही कसे, तर माणसाच्या हिशेबाने साठीला आलेले! तरी त्यांचं आयुष्य वाढलं, आणि नरांपेक्षा माद्यांचं जास्त वाढलं. मात्र हे औषध अवयव बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. तेव्हा कुणी सांगितलं म्हणून घ्यायची ही गोळी नव्हे. माणसाचं म्हातारपण थांबवणारं औषध आजच्या घडीला कुठेच मिळत नाही. दुकानातल्या ‘तारुण्य परत आणणाऱ्या’ क्रीमच्या डब्या तर सोडूनच द्या.

कुणी म्हणेल, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणत. कोप म्हणून हात जोडत. तो रोग लसीने हटवला आणि १९८० साली जगातून तो गेल्याचं जाहीर झालं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं, आज ते ७० च्या आसपास आहे. लस, स्वच्छ पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं यांनी हे घडवलं. तेव्हा ‘नशीब’ म्हणून सोसलेलं सगळंच नशीब नसतं.

मग आपल्याला हवंय का हे लांबलचक आयुष्य? आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी हा विषय काढला. एकच हशा पिकला. एक म्हणाली, ‘‘म्हणजे दीडशे वर्षं भाकऱ्याच थापायच्या का वहिनी?’’ सत्तरीला टेकलेल्या मावशी म्हणाल्या, ‘‘नको बाई, देवानं चालतं-बोलतं न्यावं.’’ मी पुन्हा विचारलं, ‘‘मावशी, समजा गुडघे दुखत नाहीत, डोळ्यांना नीट दिसतंय, हातात स्वतःचे चार पैसे आहेत, कुणापुढे हात पसरायचा नाही. मग?’’ मावशी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग कशाला मरू? आधी शिलाई मशीन घेईन. आणि नातीच्या लेकराचं बारसं बघूनच जाईन.’’

बघा, बायका ‘पुरे झालं’ म्हणतात ते वैराग्य नसतं. तो थकवा असतो. त्यांना आयुष्याचा कंटाळा नसतो, दुसऱ्यावर ओझं होण्याची धास्ती असते.

आपल्या जुन्या कथा बघा. ययातीने तारुण्य मागितलं ते पोटच्या मुलाकडे, आणि पुरूने ते दिलं. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केलं, पण त्याआधी त्या वृद्ध नवऱ्याची सेवा कोवळ्या सुकन्येने केली होती. तारुण्य मिळालं पुरुषाला, म्हातारपण निस्तरलं बाईने. आजही अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हागणं-मुतणं, औषध-पाणी कोण करतं? सून, नाहीतर लेक. नुसती वर्षं वाढली आणि तब्येत नाही वाढली, तर एकीच्या आयुष्यात मिळवलेली वर्षं दुसरीच्या आयुष्यातून वजा होतील. शिवाय बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात. म्हणजे शेवटची वर्षं कित्येकींनी एकटीने काढायची असतात, तीही घर आणि शेत दुसऱ्याच्या नावावर असताना.

म्हणून माझं मत विचाराल, तर या संशोधनाला माझा पाठिंबा आहे. अंथरुणावरची दहा वर्षं कमी होऊन हिंडती-फिरती दहा वर्षं मिळाली, तर बाईइतकं कुणाचंच भलं होणार नाही. फक्त एक प्रश्न आत्तापासून विचारत राहायला हवा. ते औषध उद्या आलंच, तर पोलिओच्या डोससारखं आपल्या दारापर्यंत येईल, की मोठ्या शहरातल्या महागड्या इस्पितळात पैसेवाल्यांसाठीच राहील? तसं झालं तर श्रीमंत तरुण राहतील आणि गरीब तेवढे म्हातारे होतील.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. रोज अर्धा तास चाला. रक्तदाब आणि साखर तपासा, कुणी आजारी पाडेपर्यंत थांबू नका. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा घरच्यांना वाढून उरलं तरच दूध प्यायचं, ही सवय मोडा. बचत स्वतःच्या खात्यात ठेवा, आणि घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते एकदा बघा. २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आई-वडिलांना मुलांकडे चरितार्थ मागता येतो, आणि त्यासाठी प्रांत कार्यालयात अर्ज देता येतो. तो मागायची वेळ कुणावर येऊ नये, पण ठाऊक असावं.

म्हातारपण कधी संपेल ते शास्त्रज्ञ बघतील. म्हातारपणातली लाचारी संपवायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. ते काम आपल्या घरात, आपल्या हातांनी आजच सुरू करता येईल.